काचबिंदूचे थेंब एकटीला टाकता यावेत म्हणून : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी

आईच्या उजव्या डोळ्याचा दाब आज २६ निघाला, म्हणजे जास्तच. दोन औषधं चालू आहेत, एकही दिवस चुकलेला नाही, कॅलेंडरवर रोजची खूण आहे. डॉक्टरबाई तिसरं औषध लिहायला लागल्या आणि मध्येच पेन ठेवून म्हणाल्या, "काकू, एकदा माझ्यासमोर थेंब टाकून दाखवा बरं."

पहिला थेंब वरच्या पापणीवर पडला, दुसरा गालावर. तिसरा डोळ्यात गेला, पण तोवर बाटलीचं टोक दोनदा पापण्यांच्या केसांना लागलं होतं. आई म्हणाली, "रोज असंच होतं. पण एक तरी जातोच की." डॉक्टरबाईंनी तिसरं औषध लिहिलं नाही. आधी आहे ते औषध डोळ्यात पोचू दे, मग बघू, म्हणाल्या.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली टिकवायची असते. ती टिकवणारं औषध माझ्या डोळ्यांदेखत आईच्या गालावरून ओघळत होतं, आणि मी दोन वर्षांत एकदाही शेजारी उभं राहून पाहिलं नव्हतं. मी यंत्रांचे आराखडे काढते, घरी थ्रीडी प्रिंटर आहे. काहीतरी करायलाच हवं.

आईची अवस्था लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच ठरणार आहे. बोटांचे सांधे आखडलेले, चिमटीत जोर नाही. हात किंचित थरथरतो. मान मागे फारशी जात नाही. काही वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काचबिंदूचं झालेलं नाही.

१५ जानेवारी

बनवायला घेण्याआधी मोजमाप. चाचणीसाठी औषध वापरायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवलं. डॉक्टरबाईंना विचारून डोळे ओले ठेवणारे साधे थेंब घेतले, रोज मोजकेच. तीन दिवसांत उजव्या डोळ्यात दहा वेळा टाकताना आईचं मोबाइलवर चित्रण केलं. पहिलाच थेंब डोळ्यात गेला असं दहात तीनदा. टोक कुठेतरी टेकलं असं दहात सहादा. हे सहा जास्त काळजीचे, कारण टेकलेलं टोक बाटलीतलं औषध दूषित करू शकतं आणि मग तेच महिनाभर डोळ्यात जातं.

बाटली दाबायला किती जोर लागतो तेही पाहिलं. बाटली वजनकाट्यावर आडवी ठेवून बोटाने थेंब पडेपर्यंत दाबायची. मध्यावर साधारण १.४ किलो, बुडाशी २.२ किलो. आई नेमकी बुडाशी दाबते, कारण तिथे धरायला सोपं पडतं.

२१ जानेवारी

पहिली तरफ. बाटली एका खोबणीत, वर बिजागरीचा दांडा, गुणोत्तर दोनास एक. दांडा परत यावा म्हणून जुन्या पेनातली स्प्रिंग. थेंब आला, पण एक नाही, दोन, कधी तीन. दांडा जास्त खाली जाऊ नये म्हणून अटकाव लावला. भरलेल्या बाटलीला तो बरोबर बसला, पण अर्ध्या बाटलीतून काहीच येईना. आत हवा जास्त असली की दाबलेला जोर आधी ती हवाच आवळण्यात जातो. अटकावाला फिरवायचा स्क्रू लावून पाहिला. आईला तो स्क्रू दिसतही नाही आणि फिरतही नाही.

२९ जानेवारी

स्क्रू, अटकाव, स्प्रिंग, सगळं काढलं. दांडा लांब करून गुणोत्तर चारास एक केलं. आता बाटली एक मिलिमीटर दाबायला बोट चार मिलिमीटर खाली जातं, त्यामुळे थेंब फुगताना थांबायला वेळ मिळतो. बोटाला लागणारा जोर ४५० ग्रॅमच्या आसपास, आणि तो बोटाऐवजी तळहाताच्या कडेनेही देता येतो. स्प्रिंगचीही गरज नाही, बाटलीच दांड्याला परत ढकलते. आठवडाभर ज्याच्यासाठी अटकाव आणि स्क्रू रचत होते, ते नुसत्या लांबीने सुटलं.

३ फेब्रुवारी

आईने नव्या तरफेने दहा वेळा टाकलं. दहात चार. आधी तीन होते.

दाबायला आता काहीच त्रास नाही असं ती मनापासून सांगतेय. पण चित्रण पाहिल्यावर लक्षात आलं की थेंब सुटतो त्या क्षणी बाटली डोळ्यावर नसतेच. हात थरथरतो, शिवाय बाटली डोळ्याजवळ आली की तिला टोक दिसेनासं होतं, मग ती अंदाजाने दाबते. मी तीन आठवडे जोरावर काम केलं आणि अडचण नेमाची होती. १५ तारखेच्या चित्रणातही ते दिसत होतं. तेव्हा माझं लक्ष फक्त तिच्या बोटांकडे होतं.

हे काम करू पाहणाऱ्यांनी पहिला आठवडा नुसतं बघण्यात घालवावा. बोटं, मान, डोळा, कोपर, सगळं.

१० फेब्रुवारी

डोळ्याभोवती टेकणारा कप, बाटली आणि तरफ त्यावरच बसवलेली. वरची कड भुवईच्या हाडावर आणि खालची गालाच्या हाडावर टेकते, डोळ्याच्या गोळ्यावर अजिबात दाब नाही. कप चेहऱ्यावर टेकला की थरथर चेहऱ्याच्या संगतीने होते, त्यामुळे टोक आणि डोळा यांच्यातलं अंतर हलत नाही.

थर्माकोलच्या डोक्यावर डोळ्याच्या जागी टीपकागद लावला, त्यावर १२ मिलिमीटरचं वर्तुळ काढलं, साधारण बुबुळाएवढं. शाईचं पाणी भरून वीस थेंब टाकले, वीसच्या वीस वर्तुळात. रात्री खूप आनंद झाला होता.

सकाळी आईवर करून पाहिलं. पाचपैकी चार थेंब मिटलेल्या पापणीवर.

टीपकागद डोळे मिटत नाही. टोक बरोबर मधोमध ठेवलं होतं, म्हणजे आईला थेंब समोरून येताना दिसत होता, आणि समोरून काही आलं की पापणी मिटतेच. ते तिच्या हातात नाही.

१७ फेब्रुवारी

थेंब बुबुळावर पडायची गरजच नाही. खालची पापणी जरा ओढली की तिथे खिसा तयार होतो, औषध तिथे पडलं तरी पुरतं. म्हणून टोक मधून काढून खाली आणलं आणि कपाच्या वरच्या बाजूला सहा मिलिमीटरचं भोक पाडलं. आईने त्या भोकातून छताकडे बघायचं. नजर वर गेली की बुबुळ वर जातं, खालचा खिसा मोकळा होतो आणि टोक नजरेआड राहतं.

पापणी ओढायला कपाच्या खालच्या कडेला जिभेसारखी एक पट्टी काढली. कप टेकवून किंचित खाली सरकवला की पट्टी पापणीखालची त्वचा खाली ओढते. पहिली पट्टी कडक होती, आईच्या गालावर वळ उठला. दुसरी पातळ केली, तर ती घसरायची. तिसरीला आतून सिलिकॉनचा तुकडा चिकटवला, तेव्हा जमलं. एवढ्या एका पट्टीवर पाच संध्याकाळी गेल्या.

टोकापासून डोळ्यापर्यंतचं अंतरही असंच ठरलं. १२ मिलिमीटर ठेवलं तर पापण्यांचे केस टोकाला लागतात. २५ ठेवलं तर थेंब टपकन आदळतो आणि आई दचकते. १८ वर थांबले.

दहात सात.

२२ फेब्रुवारी

कपाची कड गुळगुळीत यावी म्हणून एका मित्राच्या रेझिनच्या, म्हणजे द्रव प्लास्टिक उजेडाने पक्कं करणाऱ्या, प्रिंटरवर काढून आणली. दिसायला फार सुंदर. आईला देण्याआधी स्वतःच्या डोळ्यावर दिवसातून चारदा लावून पाहिली. दुसऱ्या दिवशी माझ्या भुवईवर लाल चट्टा आणि खाज. रेझिन पूर्ण पक्कं झालं नसेल तर त्वचेला त्रास देतं, हे मला माहीत असायला हवं होतं. तो कप टाकून दिला.

इंग्रज नेत्रशल्यविशारद हॅरोल्ड रिडली यांची गोष्ट माझ्या डोक्यात होती, म्हणून मी निर्धास्त होते. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताचे ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले, तरी त्यातल्या काही डोळ्यांनी ते मुकाट्याने सहन केलेले रिडलींनी पाहिले. त्यातूनच त्यांनी १९४९ मध्ये लंडनमध्ये माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आईच्या डोळ्यांत आज जी भिंगं आहेत त्यांची सुरुवात तिथली. पण परत वाचताना एक तपशील दिसला, जो मी आधी ओलांडून गेले होते. रिडलींनीही बाजारातलं ॲक्रिलिक तसंच वापरलं नव्हतं, त्यासाठी जास्त शुद्ध प्रकार खास तयार करवून घेतला होता. एक प्लास्टिक चाललं म्हणून दुसरं चालेल असं नसतं. मी साध्या पीएलएवर, म्हणजे घरच्या प्रिंटरच्या नेहमीच्या प्लास्टिकवर, परत आले आणि त्वचेला लागणाऱ्या सगळ्या कडांना सिलिकॉनची पट्टी लावली. ती काढून धुता येते.

१ मार्च

पाण्याने केलेल्या चाचण्यांवर विश्वास ठेवू नका. उघडून महिना झालेली, टाकून द्यायची औषधाची बाटली घेतली, शंभरांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वीस थेंब तोलले. ०.६६ ग्रॅम, म्हणजे थेंबाला ३३ मिलिग्रॅम. तीच बाटली धुऊन पाणी भरलं, वीस थेंब ०.९८ ग्रॅम, थेंबाला ४९. त्या औषधात टिकवण्यासाठी घातलेलं बेंझाल्कोनियम क्लोराइड आहे, आणि त्याने पृष्ठताण उतरतो, थेंब लहान असतानाच सुटतो. माझं दांड्याचं सगळं गणित पाण्याच्या जड थेंबावर बसवलेलं होतं. म्हणूनच खऱ्या औषधाच्या वेळी दुसरा थेंब अवेळी यायचा आणि मी आईला "हळू दाब" म्हणत होते. तिचं काहीच चुकत नव्हतं.

बाटली तिरकी असेल तर थेंब आणखी लहान येतो आणि टोकाच्या कडेने ओघळून तीन मिलिमीटर बाजूला पडतो. उपाय एकच, आईने आडवं झोपूनच टाकायचं, म्हणजे बाटली सरळ उभी राहते. तिच्या मानेलाही तेच बरं. बसून टाकायचा प्रकार मी या आराखड्यातून काढून टाकला.

७ मार्च

पहाटे आईने हाक मारली, "अगं, हे आपोआप गळतंय." न दाबता तीन थेंब पडले होते.

ती बाटली फ्रीजमध्ये ठेवते. थंड थेंब डोळ्यात गेला की कळतो, म्हणून. ही तिची स्वतःची युक्ती, आणि फार चांगली आहे. औषधाच्या चिठ्ठीवर उघडल्यावर २५ अंशांच्या खाली ठेवा एवढंच आहे, तेव्हा हरकतही नाही. पण अर्धी संपलेली थंड बाटली उलटी करून कपात बसवली, मग ती आरामात आडवी झाली, उशी नीट केली. तेवढ्यात आतली हवा तापून फुगली. मांडून पाहिलं. तीन मिलिलिटर हवा ८ अंशांवरून ३० अंशांवर गेली तर ०.२३ मिलिलिटर वाढते, म्हणजे या औषधाचे सात थेंब. पडले तीन. बाकीची वाढ बाटलीच्या लवचिक भिंतींनी सोसली असावी, आणि हवा पूर्ण तापलीही नसेल.

थंडपणा तिच्याकडून काढून घ्यायचा नव्हता. म्हणून फक्त क्रम बदलला. आधी आडवं व्हायचं, बाटली तोवर सरळ उभी, मग टोपण काढून कपात घालायची आणि लगेच टाकायचा. गळती थांबली. तरफेचा इथे एक फायदा झाला, बाटलीला हाताची ऊब लागत नाही.

१६ मार्च

औषध तेच, पण या वेळी दुसऱ्या कंपनीचं मिळालं. बाटली २४ मिलिमीटरची, आधीची २० ची होती. खोबणीत जाईना.

दोन दिवस इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खोबणीवर घालवले, कारण तिच्यात कुठलीही गोल बाटली बसते. बसते खरी, पण जाड बाटली त्या खोबणीत वर उचलली जाते. काटकोनी खोबणीत चार मिलिमीटरच्या फरकाला टोक जवळजवळ तीन मिलिमीटर सरकतं, आणि तेवढ्यात थेंब खिशाऐवजी पापणीच्या कडेवर पडतो.

शेवटी बाटली अंगाने धरायचंच सोडलं. आता ती मानेला धरते. टोपणाखालच्या आट्यांवर चापून बसणारी कडी, आणि प्रत्येक कंपनीच्या बाटलीला वेगळी कडी. एक कडी काढायला प्रिंटरला पंचवीस मिनिटं लागतात. टोकाला कडीचा स्पर्श होत नाही, हे प्रत्येक नव्या कडीला तपासून घेते. बाटलीचं अंग मोकळं राहिल्याने तरफेलाही जाडीचा फरक पडत नाही.

२५ मार्च

सगळं घेऊन डॉक्टरबाईंकडे. त्यांनी बराच वेळ हातात धरून पाहिलं, स्वतःच्या डोळ्यावर टेकवलं. मग जे सांगितलं ते तसंच लिहिते.

काचबिंदूचं किंवा दुसरं कुठलंही ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर असा कप डोळ्याजवळ न्यायचा नाही, आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच. काचबिंदूच्या एका शस्त्रक्रियेत पाणी बाहेर पडायला पांढऱ्या भागावर वरच्या पापणीखाली फुगीर जागा करतात, तिला धक्का लागला तर महागात पडतं.

एकच थेंब पुरे. डोळ्याच्या खिशात एका थेंबाहून जास्त मावत नाही, दुसरा नुसता वाहून जातो. आई आजवर "एक तरी जातो" म्हणून तीन टाकत होती, त्यामुळे बाटली महिन्याआधीच संपायची आणि शेवटचे काही दिवस कोरडे जायचे. हे आम्हाला कुणालाच लक्षात आलं नव्हतं. कॅलेंडरवरच्या खुणा त्या दिवसांतही चालू होत्या.

थेंब गेला की डोळा मिटून आतल्या कोपऱ्याजवळ, नाकाच्या बाजूला, बोटाने दोन मिनिटं हलकं दाबायचं. नाहीतर औषध अश्रूंच्या वाटेने नाकात आणि घशात उतरतं. आईच्या दोनपैकी एक औषध टिमोलॉल आहे, ते रक्तात गेलं की नाडी मंद करतं, दम्याच्या माणसाला तर धोकाच. आई म्हणाली, "म्हणून घशाशी कडू लागतं होय!" दोन औषधांमध्ये पाच मिनिटं अंतर. नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन नेतं.

नाकाजवळ दाबायच्या सूचनेने आराखडा पुन्हा बदलला. कप एका हाताने काढता आला पाहिजे, म्हणजे दुसरा हात लगेच नाकाजवळ जाईल. मी दोन्ही बाजूंना कान काढले होते, दोन हातांनी धरायला. एक कान कापला, दुसरा जाड केला.

३ एप्रिल

आईने कप उकळत्या पाण्यात धुतला. पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, कप वाकडा होऊन बशीसारखा झाला. दोष माझा, कारण "रोज स्वच्छ धुवायचा" एवढंच मी सांगितलं होतं. नवा पीईटीजीचा काढला, हे जरा जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक. तोही उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, कोमट पाणी आणि साबण, मग हवेवर पूर्ण कोरडा. प्रिंटच्या थरांमधल्या खाचांत ओल राहते, म्हणून डोळ्याला किंवा टोकाला लागेल असा एकही प्रिंट केलेला भाग ठेवलेला नाही.

आतापर्यंत प्रिंटरच्या प्लास्टिकच्या एक किलोच्या रिळातलं पाऊण संपलं. त्यातलं वापरात आहे ते मूठभर.

१२ एप्रिल

आई एकटी, मी दुसऱ्या खोलीत, मोबाइल स्टँडवर. मी शेजारी असले की ती घाई करते, हे आधीच्या चित्रणांत दिसलं होतं.

उजवा डोळा दहात नऊ. टोक एकदाही टेकलं नाही. जो एक चुकला तो शिंकेमुळे.

डावा डोळा दहात पाच.

दोन्ही डोळ्यांना ती उजवाच हात वापरते. डाव्या डोळ्यावर कप टेकवताना मनगट चेहऱ्यावरून आडवं जातं आणि कप नाकाकडे कलंडतो. शिवाय पापणी ओढणारी पट्टी मी उजव्या डोळ्याच्या मापाने तिरकी काढली आहे, डावीकडे ती उलटी पडते. तीन महिने उजव्या डोळ्यावरच मोजत राहिले, कारण दाब तिथे जास्त होता. डावा सोबत मोजला असता तर हे फेब्रुवारीतच कळलं असतं.

२८ एप्रिल

दाब मोजून आलो. उजवा १८, डावा २१. तिसरं औषध अजून लिहिलेलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, उजव्याचं समाधानकारक आहे, पण एका मोजणीवर ठरवायचं नाही, सहा आठवड्यांनी परत या. औषधं तीच आहेत, आता ती डोळ्यात जातात आणि महिनाभर पुरतात.

ज्यांना बनवायचं आहे त्यांच्यासाठी आजची मापं. तरफ चारास एक, दांडा ९० मिलिमीटर. टोक ते डोळा १८. बघायचं भोक ६, टोकाच्या वर १४. पट्टी १.२ जाडीची, आतून सिलिकॉन. कपाची लांबी-रुंदी आईच्या भुवई आणि गालाच्या हाडांवरून घेतलेली आहे, ती उचलू नका, आपल्या माणसाच्या चेहऱ्यावरून घ्या.

डाव्या डोळ्याचा कप आरशातल्यासारखा उलटा करून आज रात्री प्रिंटला लावलाय. कान या वेळी वरच्या बाजूला, कपाळाकडे काढलाय, म्हणजे मनगट चेहऱ्यावरून जाणार नाही. चार तास दहा मिनिटं दाखवतोय. आई झोपायच्या आधी दोनदा विचारून गेली, झाला का म्हणून.